मावशीची बुडी

मुळगावच्या श्रीनाथची मुलगी गौरवी पहिलीत होती. तिला दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी रोज रात्री जेवणानंतर घ्यायचा पंप दिला होता, पण पंपाचं प्लास्टिकचं नळकांडं तोंडाशी आणलं की ती मान फिरवायची. श्रीनाथ ट्रक चालवायचा, बायको सेजल डिचोलीत कापडाच्या दुकानात कामाला. जेवणाला ठरलेली वेळ नव्हती. ज्याला भूक लागेल तो वाढून घेई आणि पंप बऱ्याचदा राहूनच जाई.

दिवाळीनंतर एकदा शाळेतच तिला श्वास घेता येईना. हॉस्पिटलात आराम पडला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, पंप रोज देता का.

घरी आल्यावर सेजलने ठरवून टाकलं. दिवेलागणीनंतर सगळ्यांनी एकत्र जेवायचं, टीव्ही बंद, मग पंप, चूळ आणि अंथरूण. श्रीनाथने मालकाला सांगून संध्याकाळची खेप सोडली. पण गौरवी पंप घेईना. ती रडली, रडता रडता खोकू लागली. काही सुचेना म्हणून श्रीनाथ हळर्णच्या वत्सलामावशीची गोष्ट सांगू लागला. ही मावशी नदीत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला जायची.

“मावशी गळ्याभर पाण्यात गेली,” एवढं बोलून तो थांबला.

“मगे?” गौरवीने डोळे पुसत विचारलं.

“मगे काय? तू दम घेतल्याशिवाय ती बुडी कशी मारतली?”

गौरवीने थोडा विचार केला आणि नळकांडं तोंडात धरलं. श्रीनाथने पंप दाबला. तिने सावकाश श्वास ओढून रोखला, तशी मावशी वाळू चाचपू लागली. तिने श्वास सोडला आणि मावशी ओंजळभर तिसऱ्या घेऊन वर आली.

त्यानंतर मावशी रोज बुडी मारू लागली. कधी तिला कुणाची हरवलेली कानातली कुडी सापडे, कधी मोठा खेकडा बोट धरी. पुढचं ऐकायला गौरवीच सगळ्यांना जेवायला बोलावू लागली. थंडीत तिला खोकला झाला, पण हॉस्पिटल गाठावं लागलं नाही.

एका संध्याकाळी श्रीनाथचा ट्रक धारगळला बंद पडला. त्याचा फोन आला तेव्हा पानं वाढून झाली होती. सेजलला काळजी लागली, तिला गोष्टी रचता येत नसत.

जेवण झाल्यावर गौरवीने स्वतःच पंप आणून तिच्या हातात दिला.

“आई, तू फक्त दाब,” ती म्हणाली. “आज मावशी काठावर बसली आसा. पाण्यात मी उतरतंय.”