कापून टाकलेला भाग

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. माझा भाऊ तुमच्या अंगावर धावून आला, सरकारी कामात अडथळा आणला, असं कागदावर लिहून तुम्ही खाली सही ठोकलीत. तो बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहून नुसता व्हिडिओ काढत होता. हे तुम्हालाही माहीत आहे. पण आम्हाला ते दाखवता येत नाही, आणि का येत नाही हे सांगताना मला त्या भावाच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

तो लग्नाचं शूटिंग करतो. सगळे त्याला रिटेक म्हणतात, कारण अंगठी नीट दिसली नाही तर नवऱ्याला ती काढून पुन्हा घालायला लावतो. त्या दुपारी काम उरकून, कॅमेरा गळ्यात घालून तो घरी येत होता. चौकात तुम्ही चपला विकणाऱ्या म्हाताऱ्याची हातगाडी उलटी करत होतात. चपला रस्ताभर पसरल्या होत्या. म्हातारा त्या गोळा करायला वाकला, तर तुम्ही त्याची कॉलर धरलीत. रिटेकने कॅमेरा चालू केला.

"ए, बंद कर ते," तुम्ही म्हणालात.

तुमच्याबरोबरच्या हवालदारबाई पुढे झाल्या. "काढू द्या साहेब, त्यांना काढता येतं." मग रिटेकला म्हणाल्या, "दादा, तिथेच पायरीवर थांबा. पुढे येऊ नका, आमच्या मध्ये येऊ नका."

तो थांबला. पोलिसाने कसं वागावं हे त्या बाईंनी दोन वाक्यांत दाखवलं होतं. तुम्ही मात्र म्हाताऱ्याला फरफटत पोलीस गाडीपर्यंत नेलंत.

घरी आल्यावर रिटेकने व्हिडिओ संगणकावर घेतला आणि सवयीने कात्री चालवली. लग्नात माणसं ताटकळत उभी असतात, कुणीतरी कुणालातरी "इकडे सरका, तिकडे थांबा" सांगत असतं. तसलं सगळं तो काढून टाकतो. गिऱ्हाइकाला ते बघायचं नसतं. इथेही त्याने बाईंचं बोलणं उडवलं, स्वतःचं पायरीवर थांबणं उडवलं. ओढाताण तेवढी ठेवली आणि लोकांना पाठवून दिली. मग मूळ व्हिडिओ पुसून पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं केलं. नेहमी करतो तसंच.

ओढाताण घरोघरी पोचली आणि तुम्ही आमच्या दारात आलात. कॅमेरा उचललात, रिटेकला उचललंत. जामिनावर सुटून आला तेव्हा मी विचारलं, "बाईंचं बोलणं कुठंय?"

"कापलं ना ताई. त्यात काही घडतच नव्हतं."

"तुला वाचवणारं तेवढंच होतं, गाढवा."

खटला तुमच्या बाजूने गेला तर तो तुरुंगात जाईल. कॅमेरा तर आत्ताच तुमच्या कपाटात आहे, आणि ठरलेली लग्नं दुसरे शूटिंगवाले घेऊन गेले.

त्यावर वहिनीच्या डोक्यात वेगळंच शिरलं. कार्ड याने आपणहून कोरं केलं, की कुणी करायला लावलं? तो आंघोळीला गेला की ती त्याचा फोन उघडून कुणाकुणाचे कॉल आलेत ते बघायची. एकदा मलाच म्हणाली, "ताई, तुम्ही त्याच्याच बाजूने बोलणार, हे मला ठाऊक आहे." खरं सांगते, मीही एकदा तो फोन चाळला. काही सापडलं नाही. पण एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांचे फोन तपासायला लागली, ही तुमची करणी.

मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. चादरीवरचा डाग कुठे आहे हे उजेडात धरल्याशिवाय कळत नाही, म्हणून उरलासुरला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा लावून बघितला. एके ठिकाणी तुम्ही वळता. तुमच्या छातीवर पोलिसी कॅमेऱ्याची डबी आहे आणि तिचा लाल दिवा चालू आहे.

म्हणून आज चौकीत आले. तुमच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग द्या म्हटलं.

"त्या दिवशी चार्जिंग नव्हतं," तुम्ही म्हणालात.

मी फोन तुमच्यासमोर धरला. "मग हा दिवा कशाचा?"

"तो असाच लागतो."

"चार्जिंग नसताना?"

तुम्ही हसलात. "बाई, हा व्हिडिओ कापला कुणी? तुमच्या भावाने. कापलेला पुरावा घेऊन तुम्ही मला शहाणपण शिकवणार?"

शेजारच्या टेबलावरचा शिपाईही हसला. तुमचं ते बोलणं वर्मी लागलं, हे कबूल.

मग मी कोपऱ्यात बघितलं. हवालदारबाई तिथे फोनजवळ बसल्या होत्या. चौकातलं काम काढून त्यांना तिथे कधी बसवलंत, कशासाठी बसवलंत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

"बाई, तुम्ही त्याला पायरीवर थांबायला सांगितलं होतं ना? काढता येतं म्हणाला होतात ना?"

त्यांनी आधी तुमच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला आठवत नाही."

"त्याला दादा म्हणाला होतात तुम्ही."

"रोज शंभर लोकांना म्हणते ताई," त्या म्हणाल्या आणि वाजत नसलेला फोन उचलून कानाला लावला.

"झालं समाधान?" तुम्ही विचारलंत. "निघा आता, कामं आहेत आम्हाला."

नाही झालं. मी धुलाईखान्यात आजची रजा टाकून आले आहे आणि हा बाक मोकळा आहे. बाईंना नसेल आठवत. डबीला आठवण्याची गरज नाही, तिच्यात आहे ते आहे. माझ्या भावाने त्याचा भाग मूर्खपणाने कापला, आणि त्याने ते सगळ्यांसमोर मान्य केलं. आता तुमचं सांगा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो पायरीवर उभा दिसतो की अंगावर येताना दिसतो? अंगावर येताना दिसत असेल तर दाखवा. पुसलं असेल तर कुणी पुसलं, ते सांगा.