दुसरी पायाळू

"मार गं संध्या. लय जीव चाललाय," ओट्यावर पालथ्या पडलेल्या कुसाबाई विव्हळल्या.

सकाळी हंडा उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली होती. पायाळू माणसाने पाठीवर लाथ मारली की उसण उतरते, असं निफाडकडच्या गावांत मानतात. आणि त्यांची सून संध्या जन्मताना पायांकडून आलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून अर्ध्या गावाच्या पाठी तिच्या डाव्या पायाखालून गेल्या होत्या. माणसं लाथ खायची आणि वर पाया पडून जायची. आज मात्र संध्या पाय उचलेना.

"आधी निकिताचं बोला," ती म्हणाली.

संध्याची सून निकिता, नववा महिना लागलेली, पिशवी घेऊन दाराशी उभी होती. पोटातलं बाळ डोकं वर करून बसलं होतं. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी काल नीट समजावलं होतं. दवाखान्यातच, सिझरची तयारी ठेवून, पोटावरून हाताने बाळ फिरवून बघू. नाही फिरलं तर दिवस ठरवून सिझर. पायांकडून बाळंतपणही होतं, पण त्याला सरावलेला हात लागतो आणि डोकं अडकलं तर वेळ उरत नाही. आज दुपारी बोलावलं होतं. पण निकिताचा नवरा शेखर पडला आजीच्या शब्दाबाहेर न जाणारा. बायको दाराशी उभी, आणि हा गाडीची किल्ली खिशात घालून बसलेला.

"कशाला ते दवाखान्याचं खूळ?" कुसाबाई कण्हत म्हणाल्या. "तुझ्या आईनं तुला घरातच काढली ना? काय झालं तुला?"

संध्याच्या अंगाची लाही लाही झाली. तिच्या पहिल्या खेपेला, शेखरच्या आधी, याच बाईने हेच शब्द बोलून दाराशी आलेली जीप परत पाठवली होती. "पोरगी हाय, पायाळू हाय," सुईण कौतुकाने म्हणाली होती. पाय बाहेर आले होते, हलतही होते. डोकं अडकलं. मग पाय हलायचे थांबले. आणि तिसऱ्याच दिवशी शेजारच्या कुणाची तरी पाठ धरली, तेव्हा कुसाबाईंनी त्या ओल्या बाळंतिणीला उठवून लाथ मारायला लावली होती. संध्याने ती मारलीही होती. आपल्या त्या मुकाटपणाचा राग तिला अजून येत असे.

"शेखरला सांगा गाडी काढायला. मग बघते," ती म्हणाली.

कुसाबाई रागाने उठायला गेल्या आणि किंचाळल्या.

"काढ रे बाबा गाडी! ने तिला, कुठं न्यायची तिथं ने!"

शेखर उठला. निकिता गाडीत जाऊन बसली. गाडी सुरू झाली.

"आता तरी मार गं, बाई."

संध्याने पाय उचलला. चोळी वर सरकून म्हातारीची पाठ उघडी पडली होती. याच पाठीत सगळा जोर काढून एक लाथ घालायची, हे तिने किती वेळा मनात घोळवलं होतं. पाठ समोर होती, आणि वर लाथ मागून घेत होती. संध्याला दया आली नाही. तिने पाय खाली घेतला आणि चपलेत घातला.

"घरात दुसरी पायाळू होती ना, आत्याबाई? तिला हाक मारा."

संध्या गाडीत जाऊन निकिताला खेटून बसली आणि तिने तिचा हात हातात घेतला. द्राक्षबागेच्या वळणावर तिने एकदाच मागे पाहिलं. म्हातारी तशीच पालथी होती, पाठ उघडी टाकून.