लोखंड पेलणारा कागद

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. तोही पुठ्ठ्याचा. हे ऐकून तुम्ही नाक मुरडले असेल तर मला राग नाही. चपला, बिस्किटे, मोडकी खेळणी आणि शेवटी रद्दीवाला, एवढाच आमच्या जातीचा लौकिक! पण माझ्या पोटात एकदा भलेमोठे लोखंडी यंत्र बसले होते, आणि ते तिथे बसावे म्हणून एका घरातली दोन माणसे आधी भांडली, मग हसली, मग रडली. ती हकिकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

मी जन्मलो रद्दीतूनच. फाटक्या पिशव्या, लिहून संपलेल्या वह्या, जुनी वेष्टने यांचा लगदा झाला, लगद्याचा कागद झाला. तापलेल्या दातेरी रुळांमधून जाताना कागदाला लाटा पडल्या. अशी एक लाट दोन सपाट कागदांमध्ये चिकटवली की तीन पदरी पुठ्ठा तयार होतो. माझ्या अंगात लाटांचे तीन थर आहेत आणि त्यांना सांभाळणारे चार सपाट कागद. म्हणून मी सात पदरी. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ जन्मला. आम्हा दोघांना नमुने म्हणून एका कारखान्यात पाठवले. सोबत एक तीन पदरी आणि एक पाच पदरी खोकाही होता.

त्या कारखान्यात पाण्याचे मोठे पंप तयार होत. माल बाहेर पाठवण्याचे सगळे काम एका बाईंकडे होते आणि पंपांसाठी लाकडी पेट्या ठोकणारे मिस्त्री हे त्यांचे सासरे. मिस्त्रींचा मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे घरी ही दोघे आणि कामावरही ही दोघेच. सारा कारखाना त्यांना सूनबाई आणि मिस्त्री म्हणूनच ओळखे.

आम्ही आलो तेव्हा कारखान्यात वातावरण तंग होते. नुकतीच एका पेटीतला खिळा वाकडा जाऊन आत निघाला होता आणि त्याने नव्या कोऱ्या पंपावर लांबलचक ओरखडा काढला होता. गिऱ्हाईक भडकले. कारखान्याच्या मालकीणबाईंनी सूनबाईंना सांगितले, "पेट्यांचं काहीतरी बघा." सूनबाईंनी बघितले आणि आम्हाला बोलावले.

मिस्त्री आमच्याकडे पाहून म्हणाले, "कागदात लोखंड बांधून पाठवणार? उद्या टोपलीत समुद्र भर म्हणशील."

"बाबा, हा साधा कागद नाही. जाडी तरी बघा याची."

"जाडी काय दाखवतेस? उशीसुद्धा जाड असते!"

सूनबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तीन पदरी खोक्यात भंगार लोखंड भरायला लावले. तो उचलताच त्याचा तळ सुटला आणि लोखंड खणखणत जमिनीवर आले. मिस्त्री मोठ्याने खाकरले. पाच पदरीने वजन उचलले, पण त्याच्यावर दुसरे वजन रचून ठेवले तेव्हा दोन दिवसांत त्याची कंबर खचली. मग माझ्या भावाची पाळी आली. त्याला भरून, साखळीने वर चढवून, मुद्दाम एका कोपऱ्यावर खाली सोडले. खोक्याचा कोपरा म्हणजे त्याचे नाक. मार आधी तिथेच बसतो. मी शेजारी उभा राहून पाहत होतो. धप्पकन आवाज झाला. भावाचा कोपरा चेमटला, पण अंग फाटले नाही.

"बघा!" सूनबाई आनंदाने म्हणाल्या.

मिस्त्री वाकून आत पाहू लागले. "खोका वाचला गं. पण आतलं बघ. लोखंड सरकून भिंतीवर आदळलंय. त्याला घरात मोकळं सोडलंस तर ते डोकं आपटणारच."

"मग त्याला बसवायचं कसं, ते तुम्ही सांगा ना."

मिस्त्रींचा चेहरा एकदम उतरला. "मी पेट्या करतो. पुठ्ठ्याची चाकरी करणार नाही," असे म्हणून ते हातोडी घेऊन निघून गेले. माझ्या भावाला कोणीतरी बाजूला ओढले. त्याने मार खाल्ला म्हणून माझी निवड झाली. हे मी कधी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री एकटेच आले आणि चक्क माझ्यावर बसले. मी दबलो नाही. त्यांनी उजवा हात माझ्या झाकणावर टेकवला, तेव्हा मला त्याची थरथर जाणवली. पंख्याच्या वाऱ्याने कागद हलावा तसा तो हात हलत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या.

"भाडं कमी पडतं, वजन हलकं होतं, हे सगळं मालकीणबाईंना सांग," मिस्त्री म्हणाले. "लाकूड का सोडलंस, ते मला खरं सांग."

सूनबाईंनी कप त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचे हात, बाबा."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "तुला कधी कळलं?"

"चहा बशीत सांडायला लागला तेव्हा. म्हणून तर मी कप अर्धाच भरते आणि मग पुन्हा घेऊन येते."

मिस्त्री सूनबाईंकडे बघतच राहिले. "अगं, आणि मी शेजारीपाजारी सांगत सुटलोय, सून चिंगूस निघाली म्हणून!"

"ठाऊक आहे. परवा शेजारच्या काकू वाटीभर साखर देऊन गेल्या. म्हणाल्या, लागली तर आणखी माग."

मिस्त्री आधी हसले. खो खो हसले, इतके की मीसुद्धा हललो. मग हसता हसता त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "तो खिळा माझ्याच हातून वाकडा गेला."

"हो," सूनबाई म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही.

"मग आता माझं इथे काय उरलं?"

"खिळे ठोकायला कोणीही मिळेल, बाबा. पंप कुठे टेकला की स्थिर राहतो आणि कुठे टेकला की हट्टाला पेटतो, हे मला कोण सांगणार?"

मिस्त्रींनी अर्धा कप संपवून तो पुढे केला आणि म्हणाले, "आण आता उरलेला. आणि येताना टेप घेऊन ये, माप घ्यायला."

माझ्या पोटात जाणारा पंप एका लांबच्या गावासाठी होता. तिथला पंप कायमचा बंद पडला होता आणि गावाला टँकरने पाणी पुरवावे लागत होते. हा पंप वाटेत मोडला असता, तर दुसरा तयार होईपर्यंत त्या लोकांचे हाल संपले नसते. म्हणून सगळेच जपून काम करत होते. मिस्त्री स्टुलावर बसून सांगत आणि बाकीचे करत. पंप आधी जाड लाकडी फळीवर बोल्टने आवळला. सगळे ओझे खालच्या लाकडाने घ्यावे, माझ्या भिंतींनी नव्हे, हे त्यांनी दहा वेळा बजावले. चारही कोपऱ्यांत आतून पुठ्ठ्याचे खांब उभे केले. ओल लागू नये म्हणून पंपाला प्लास्टिक गुंडाळले.

"डावीकडे घे! माझं डावं, तुझं नव्हे!" मिस्त्री ओरडत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता आणि त्यामुळे सूनबाई खूश दिसत होत्या.

शेवटी माझ्या अंगावर वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा होता. सूनबाईंनी पत्र्याचा साचा माझ्यावर घट्ट धरला आणि मिस्त्रींनी त्यावरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवला. बाण सरळ आला.

प्रवास खडतर होता. एका गोदामात माल हलवणाऱ्या गाडीच्या लोखंडी दातांवरून मी घसरलो आणि कोपऱ्यावर पडलो. मला भावाची आठवण झाली. माझा कोपरा चेमटला, पण आतला पंप जागचा हलला नाही.

पंपघरात पोचलो तेव्हा तिथला पंपचालक माझा चेमटलेला कोपरा पाहून पांढराफटक पडला. त्याने घाईघाईने झाकण उघडले. मग त्याने पंपावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि कारखान्यात फोन लावला.

"बाई, कोपरा दबलाय, पण पंप ठणठणीत आहे... कोणाशी बोलू म्हणता? बरं, द्या..." मग तो बराच वेळ नुसता हं, हं करत राहिला. "नाही आजोबा, फळी हलली नाही. नाही, बोल्टही सैल नाही... हो, हो, चालू झाला की लगेच कळवतो. ऐकू येईल का? बरं, फोन पंपाजवळ धरतो."

पंप सुरू झाला तेव्हा त्याने खरोखरच फोन त्याच्याजवळ धरला. पलीकडे काय बोलणे झाले, ते मला त्या घरघरीत ऐकू आले नाही.

मी आता रिकामा झालो होतो. पंपचालक मला बाहेर टाकायला निघाला, तेव्हा डबा घेऊन आलेली त्याची बायको म्हणाली, "टाकता कशाला? इतका दणकट आहे! गार फरशीवर पाठ टेकून काम करता आणि रात्री कण्हता. हाच घ्या पाठीखाली." तिने सुरीने माझा जोड उकलला आणि मला जमिनीवर सपाट पसरले.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्या लाटा बऱ्याच दबल्या आहेत, कडांना तेल लागले आहे. तुम्ही कधी काही बांधून पाठवाल, तेव्हा पेलणाऱ्याची ताकद आधी नीट पाहा. आणि पेलता पेलता कोणी थकला, तर त्याला फेकू नका. त्याला झेपेल असे काम त्याच्यापुढे ठेवा.

आज दुपारी पंपचालक नळ्यांचे जोड आवळायला माझ्यावर उताणा पडला. काम संपले तरी तो उठला नाही. त्याचा डोळा लागला होता. त्याची बायको आली, तिने त्याच्या हातातला पाना हळूच काढून बाजूला ठेवला आणि पाय न वाजवता निघून गेली. तो आता घोरतो आहे. मी जराही हललेलो नाही.