म्युझियमात मुलगी दाखवली

मुलगी बघायला घरी बोलावलं की चहाचा ट्रे आला, आणि ट्रे म्हटला की दोन्ही हात आले. नलूच्या डाव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. आधीची स्थळं चहा न संपवताच उठून गेली. म्हणून या खेपेला तिच्या बापानं, तळेगावच्या नत्थूजींनी, डोकं चालवलं. मुलगा केळझरचा. वर्ध्याला दोन्हीकडून एसटी मिळते, तेव्हा गावाबाहेरच्या जुन्या यंत्रांच्या म्युझियमात भेटायचं ठरलं. उघड्यावर हिंडायचं, बोलायचं, आणि डावा हात पदराखाली ठेवायचा. "एकदा लग्न लागलं का कोन बोटं मोजते?" असं ते बायकोला म्हणाले होते.

धाकटी गुलाब सोबतीला आणली. नलूला ही लपवाछपवी पटली नव्हती, पण लग्न हवं होतं. फार हवं होतं. बरोबरीच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली होती, आणि घरात सगळे तिच्याशी उपकार केल्यासारखे बोलत.

मुलगा बरा निघाला. प्रभाकर त्याचं नाव. सरकी काढायच्या जुन्या रेच्याजवळ तो हळूच म्हणाला, "थकल्या असान तर सावलीत बसू." आपल्याला कुणी असं विचारतं, याचंच नलूला केवढं अप्रूप! तेलघाणी झाली, लोखंडी नांगर झाले, उसाचा चरक झाला. पदर जागचा हलला नाही.

मग कुट्टीचं, म्हणजे कडबा कापायचं यंत्र आलं. मोठं चाक आणि त्याला कोयत्यासारखी पाती. राखणदार हौशी, येणाऱ्यांना चालवून दाखवायला त्यानं शेजारी कडबाही ठेवला होता.

"फिरव बरं, पोरी," मुलाची आई देवकाबाई नलूला म्हणाल्या. "आमच्या घरी ढोरं लय हायेत."

"मले नाई जमत."

"काऊन नाई? दोन्ही हातानं फिरव," म्हणत देवकाबाईंनी तिचा डावा हात पदरातून बाहेर ओढला.

हात त्यांच्या मुठीतच राहिला. बाजारात वांगं पाहावं तसा त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि सोडून दिला. "हे काऊन लपवलं, नत्थूजी?"

नलूनं बापाकडे पाहिलं. बोटं गेली त्या दिवशी ती कडबा लावत होती आणि चाक नत्थूजी फिरवत होते. "बाबा, थांबा," असं ती ओरडली होती, पण त्यांना बाजाराची घाई होती. एवढं खरं ते आज बोलले असते, तरी तिला पुरलं असतं.

"लहानपणापासून बेसावधच हाय पोरगी," नत्थूजी म्हणाले. "लहानी तशी नाई."

देवकाबाईंची नजर गुलाबकडे वळली. प्रभाकरची त्यांच्या आधीच वळली होती. नलूनं ते पाहिलं आणि हात परत पदराखाली घेतला.

"तू फिरव," देवकाबाई गुलाबला म्हणाल्या. गुलाब बहिणीकडे पाहत उभीच राहिली.

"फिरव नं, माय," नत्थूजी लाडानं म्हणाले. गुलाबनं चाकाला हात घातला. चाक छान फिरलं. पण रिकामं फिरवून काय कळणार, असं देवकाबाईंचं म्हणणं पडलं.

"नलू, तू कडबा लाव," नत्थूजी म्हणाले.

नलू वाकली, पेंढी उचलली आणि पात्यांकडे सरकवू लागली.

"बोटं सांभाळजो," देवकाबाई म्हणाल्या. आधी त्या स्वतःच हसल्या, मग प्रभाकर हसला, आणि शेवटी नत्थूजीही हसले.