किरकोळ तपासणी

"नाही हो मामा, घाबरण्यासारखं काही नाही. किरकोळ तपासणी आहे. गाडी घेऊन या, चहा प्या, तोवर काम होऊन जाईल."

पलीकडचा ड्रायव्हर मोकळं हसला. "चहा तुम्ही पाजणार म्हटल्यावर यायलाच पाहिजे. पण ताई, सिमेंट भरून निघालोय. एवढी खेप टाकतो नि मग येतो."

"चालेल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागात तिची अर्धी हयात गेली होती. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. आवाज असा, की भांडायला फोन केलेलं गिऱ्हाईकसुद्धा शेवटी तिच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करून फोन ठेवायचं. मुलगी मात्र म्हणायची, "आई, कधीतरी घरीपण गिऱ्हाइकांशी बोलतेस तसं बोल ना!"

या आवाजापायीच साहेबांनी हे काम तिच्या गळ्यात घातलं होतं. ट्रेलरच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सांगाड्याला धरून ठेवणारा ब्रॅकेट ओतताना कच्चा राहिला होता. काही गाड्यांत त्याला तडे गेलेले सापडले होते. तसे ब्रॅकेट बसवलेले सगळे ट्रेलर परत बोलवायचे होते, पण 'तडा' हा शब्द काढायचा नव्हता. "लोक बिथरतील, ताई. किरकोळ तपासणी म्हणा," साहेबांनी बजावलं होतं.

तडा गेला तर काय होतं, असं तिने वर्कशॉपच्या मेस्त्रीला विचारलं होतं. "सपाटीला कळतही नाही," तो म्हणाला होता. "उतारावर जोरात ब्रेक मारला, की चाकांसकट अख्खा एक्सल जागा सोडतो." मग खाली मान घालून तो पुन्हा जेवू लागला होता.

दुपारी तिने डबा उघडला, तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. चेहरा पांढरा पडला होता.

"तो सिमेंटवाला... उतारावर उलटला."

"आणि मामा?"

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "बाहेर कुणाकडे बोलू नका. वकील बघतील. तुम्ही फोन चालू ठेवा. सांगायचं ते तेच."

तिने डबा तसाच झाकला. माठापाशी जाऊन ती पाणी प्यायली, परत आली आणि तिने पुढचा नंबर लावला.

फोन एका बाईने उचलला. "ते चालवतायत. मी त्यांची बायको. बोला."

"वहिनी, तुम्ही गाडीत आहात?"

"हो. लेकीकडे निघालेय. म्हटलं, त्यांनाही सोबत नि माझंही भाडं वाचेल." बाई स्वतःच हसली.

"किर..." ताईची जीभ अडली. "वहिनी, रस्ता कसा आहे आत्ता?"

"घाट चढलो की आत्ताच. आता नुसता उतार."

"थांबवा गाडी!"

अख्खं ऑफिस वळून बघू लागलं. तो गिऱ्हाइकांशी बोलायचा आवाज नव्हता. गॅसपाशी गेलेल्या मुलीला ओढून घेताना निघावा, तसा तो आवाज होता. "ट्रेलरखालचा ब्रॅकेट तुटतोय. सकाळी माझ्याशी बोललेला माणूस दुपारी गेला. त्यांना सांगा, हळूहळू वेग कमी करा, आधी बाजूला घ्या!"

"अहो, ऐकलंत का..." एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला.

तिने परत लावला. लागेना.

"ताई, काय बोललात हे?" साहेब दारात उभे होते. "नोकरी जाईल. तुमची जाईल, माझीही जाईल."

"जाऊ दे. सकाळी मी त्या माणसाला चहाला बोलावलं, साहेब."

साहेब आत गेले नाहीत, तिथेच भिंतीला टेकून फोनकडे बघत राहिले. पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

फोन वाजला. पुरुषाचा आवाज होता. "ताई, खाली शिरून बघितलं. बोट जाईल एवढी फट आहे हो." त्याला दम लागला होता. "ही इथे दगडावर बसलीय. गाडीजवळ यायलाच तयार नाही."

"बसू द्या त्यांना. पाणी द्या. गाडी जराही हलवू नका, आमची माणसं निघतायत."

तिने फोन ठेवला. साहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. काचेतून ते कुणाशी तरी फोनवर बोलताना दिसत होते. कुणाशी, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. उद्या या खुर्चीवर आपण असू की नाही, याचा विचार करायलाही सवड नव्हती. अजून कितीतरी गाड्या रस्त्यावर होत्या.

तिने पुढचा नंबर फिरवला. रिंग जात राहिली आणि आपोआप बंद झाली. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. कदाचित जेवायला थांबला असेल. कदाचित दोन्ही हात स्टिअरिंगवर असतील.

तिसऱ्यांदा रिंग वाजू लागली. तिने दुसऱ्या कानावर हात धरला, डोळे मिटले आणि ती ऐकत राहिली.