बाईंची चूल आणि रोदिओनचा कोट

मेला रोदिओन आता मॉस्कोत सिनेटर झालाय. होणारच! आधी तरुण कम्युनिस्टांचा सेक्रेटरी, मग सामुदायिक शेताचा अध्यक्ष, ते शेत विकून खाल्ल्यावर जिल्ह्याचा प्रमुख, मग उपगव्हर्नर. दर पायरीला त्यानं आमच्या माल्ये क्ल्युची गावाला एकच वचन दिलं: पाइपनं घरोघरी गॅस आणतो. दर वेळी आम्ही मतं दिली. आम्ही तरी कुठले शहाणे!

सगळ्यांत जास्त विश्वास ठेवला तो क्लाव्दिया प्रोखोरोव्हनांनी. त्याला शाळेत त्यांनीच शिकवलं. माझ्या शेजारी एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या. गेल्या उन्हाळ्यात, निवडणुकीच्या तोंडावर, हा आला. गावच्या क्लबासमोर लोखंडी मशाल उभी केली आणि गॅसची ज्योत पेटवली. बायका रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू. मग हा कॅमेरेवाले घेऊन बाईंच्या घरात शिरला.

"बाई, ही विटांची चूल आता कशाला हवी? इथं घर तापवायला गॅसचा बॉयलर बसेल. पहिली वीट तुम्हीच काढा."

"अहो बाई, आधी गॅस तर येऊ दे!" मी दारातून ओरडले.

"फाइना, तो माझा विद्यार्थी आहे," म्हणाल्या, आणि वीट काढली. उरलेली चूल, घराला ऊब देणारी ती एकच, त्याच्या माणसांनी संध्याकाळपर्यंत फोडून टाकली.

मशाल जळत होती ती क्लबामागं ठेवलेल्या सिलेंडरवर. कॅमेरे गेले तसा सिलेंडरही गेला. थंडी पडली. फोन केला की उत्तर यायचं, "दुसऱ्या टप्प्यात." बाई माझ्याकडे आल्या, माझ्या चुलीच्या उबदार ओट्यावर झोपायला लागल्या. तरी रोज सकाळी बर्फ तुडवत आपल्या घरी जाऊन बसायच्या. बॉयलरवाले आले आणि दाराला कुलूप दिसलं तर परत जातील, म्हणून. मला इतका राग यायचा, की त्यांच्याशी धड बोलवायचं नाही.

भर थंडीत स्वारी पुन्हा आली. मॉस्कोची खुर्ची दिसत होती ना! पुन्हा तीच मशाल, तेच भाषण. मी गपचूप क्लबामागं गेले आणि सिलेंडर बंद करून टाकला.

परत पुढं येते तो ज्योत विझलेली, लोक हसतायत. रोदिओनचं थोबाड पाहण्यासारखं झालं होतं. पण बेरकी तो! पुढच्या रांगेतल्या बाईंचा हात धरला आणि त्यांना माइकपाशी आणलं.

"बाई, तुम्हीच सांगा. मी कधी खोटं बोललोय का?"

बाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"रोदिओन, मला थंडी वाजते रे," म्हणाल्या. "तू चूल फोडलीस ना, तेव्हापासून."

मला वाटलं, आता मेला जमिनीत गडप होईल. कसला होतोय! त्यानं आपला फरच्या कॉलरचा कोट काढला, बाईंच्या खांद्यांवर घातला, वर त्यांना मिठी मारली. आणि आमच्या माणसांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या!

कॅमेरे बंद झाले, गाड्या सुरू झाल्या. त्याचा एक हस्तक धावत आला.

"आजी, तेवढा साहेबांचा कोट..."

"देऊ नका! कुडकुडू दे त्याला!" मी किंचाळले.

"दुसऱ्याची वस्तू आहे, फाइना." बाईंनी कोट काढला, बाह्या आत दुमडून नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

आता हमरस्त्याच्या फाट्यावर भला मोठा फलक लागलाय. फरच्या कॉलरमध्ये बाई, शेजारी दात काढून रोदिओन, आणि खाली लिहिलंय, "घराघरांत ऊब." काल दवाखान्यातून येताना आमची बस नेमकी तिथंच थांबली. बाईंनी मान वर करून पुष्कळ वेळ पाहिलं.

बस हलली तेव्हा त्यांनी माझी बाही ओढली.

"फाइना, चूल बांधणारा कुणी आहे का गं तुझ्या ओळखीत?"