चौथं लाल बटण

“पप्पा, ही वायर नुसती चार्जिंगची आहे. डेटा नाही जात हिच्यातून,” नम्रता म्हणाली आणि रेकॉर्डरची वायर ओढून तिने टेबलावर टाकली.

धम्मपालने पत्र्याच्या डब्यात हात घातला. पालिकेच्या पाणी खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. वायरचा तुकडाही फेकायचा नाही हा त्याचा बाणा. चौथी वायर लागू पडली. रेकॉर्डरच्या इवल्याशा पडद्यावर प्रश्न उमटला, कार्ड रीडर की ऑडिओ? नम्रताने कार्ड रीडर निवडलं आणि परळच्या चाळीतल्या त्या खोलीत गाण्याच्या पार्टीची सहा वर्षं लॅपटॉपवर तारीखवार उघडली.

शेवंती गेली, तिचं पुण्यानुमोदन उद्या होतं. फोटो फ्रेम होऊन आला होता, पण नम्रताला आईचा आवाज हवा होता. कुणी मोबाइल समोर धरला की शेवंती तोंडावर पदर ओढायची, आणि कार्यक्रमाच्या व्हिडिओंत नुसता गलका. रेकॉर्डर मात्र प्रत्येक माइक वेगळा साठवायचा. पहिला गायक राजरत्नचा, दुसरा पेटीचा, तिसरा धम्मपालच्या ढोलकीचा, चौथा कोरसचा. बाकीच्या बाया गळत गेल्या आणि कोरसला शेवंती एकटीच उरली होती.

“तीनच फायली दिसतायत. चौथी कुठंय?”

“दुसरी तारीख बघ.”

तिने बघितली. मग तिसरी, मग दहावी. चौथी फाइल कुठेच नव्हती.

रेकॉर्डर धम्मपालच्या गुडघ्याशी असायचा आणि माइकांची रेकॉर्डिंगची लाल बटणं तोच दाबायचा. चौथं त्याने कधी दाबलंच नव्हतं. कार्डात जागा राहावी म्हणून. कोरस काय, असतोच, असा त्याचा हिशेब.

“मीच बंद ठेवायचो,” तो म्हणाला. “जागा खातं म्हणून.”

“आईला माहीत होतं?”

“तिला काय ठाऊक? स्पीकरमधून यायचा ना आवाज. ती आपली गायची.”

नम्रता पुन्हा लॅपटॉपकडे वळली. चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. साठी उलटलेल्या माणसाला स्वतःची लाज वाटते तेव्हा बघायला जागा सापडत नाही. तो डब्यातल्या वायरी गुंडाळत बसला.

“निदान तुमची ढोलकी तरी लावू उद्या,” म्हणत तिने कानाला हेडफोन लावले. दोन मिनिटांनी ते काढले आणि त्याच्या डोक्यावर चढवले.

आधी नुसती ढोलकी. राजरत्नच्या पार्टीचा रिवाज असा, की शेवटचं ध्रुवपद नुसत्या गळ्यावर म्हणायचं. ढोलकी थांबली आणि तिथे, जरा लांबून पण स्वच्छ, शेवंती गायली. ती कायम त्याच्या उजव्या अंगाला बसायची. सूर किंचित चढा, शेवटचं अक्षर लांबवायची खोड तीच. मग ढोलकी पुन्हा कडाडली आणि ती ऐकू येईनाशी झाली. धम्मपालला जन्मात पहिल्यांदा आपल्या हातांचा राग आला.

गाणं संपलं. टाळ्यांमधून त्याचाच वैतागलेला आवाज आला, “सरक की जरा तिकडं. माझ्या माइकात येतीस.”

“सरकले, सरकले,” शेवंती म्हणाली.

पुढच्या गाण्यात ढोलकी थांबली, तेव्हाही ती तिथेच होती.

धम्मपालने हेडफोन उतरवले. डोळे पुसायचं त्याला सुचलं नाही.

“दोन्ही गाणी लावू,” नम्रता हळूच म्हणाली. “मधलं तुमचं बोलणं कापते.”

“नको.”

“हॉलभर ऐकू जाईल, पप्पा.”

“जाऊ दे,” धम्मपाल म्हणाला, आणि वायर निसटू नये म्हणून रेकॉर्डर दोन्ही हातांनी धरून बसला.